शेजवळांचं इंग्लंडातलं घर

शेजवळ पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही, सुनीतानं पुढे केलेलं पाणी घेतलं नाही आणि 'बसा' म्हटल्यावर बसलेही नाहीत. ते तडक हॉलच्या भिंतीपाशी गेले, उजव्या हाताचा तळवा तिच्यावर टेकवला आणि डोळे मिटून उभे राहिले. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसे. मग बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि आमच्याकडे वळून, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाले, "ओतलेलं आहे."

"काय ओतलेलं आहे?" मी विचारलं.

"घर. रचलेलं नाही. ओतलेलं."

सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या त्या नव्या ब्लॉकमध्ये फ्लॅटचा ताबा मिळून आम्हाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. भिंतींना अजून रंगाचा वास होता. सुनीताला वाटलं, हे गृहस्थ ओल तपासायला आले असणार, म्हणून तिनं त्यांना बाथरूमकडे नेलं. तिथल्या भिंतीलाही त्यांनी हात लावला आणि खेदानं मान हलवली. त्यानंतर कुठे त्यांना आठवलं, की आपण सातव्या मजल्यावरचे शेजारी आहोत, मराठी आहोत आणि बायकोनं आपल्या हाती या लोकांसाठी लाडवांचा डबा दिला आहे.

प्रभाकर शेजवळ जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इन्स्पेक्शन इंजिनिअर होते. पाइपांच्या आणि टाक्यांच्या भिंती आतून किती झिजल्या हे बाहेरून मोजायचं, हे त्यांचं काम. सकाळी सव्वासहाला गळ्यात पास अडकवून ते कंपनीच्या बससाठी उभे असत. अंगानं सडसडीत, शर्ट नेहमी खोचलेला. हा माणूस जन्मात कधी विनोद करणार नाही अशी त्यांच्याकडे बघून खात्री पटे, आणि ते खरोखरच करत नसत. विनोद त्यांच्या आजूबाजूला होत असत.

शेजवळांच्या लेखी जगात दोनच प्रकारची घरं होती. सिंगापूरमधल्या आमच्या सगळ्यांच्या फ्लॅटसारखी काँक्रीट साच्यात घालून केलेली, ती ओतलेली. एकावर एक वीट ठेवून केलेली, ती रचलेली. पुढे पुढे हा भेद त्यांनी माणसांनाही लावला. माझे बँकेतले साहेब एकदा लिफ्टमध्ये त्यांना भेटले. ते उतरून गेल्यावर शेजवळ म्हणाले, "ओतलेला माणूस." मला पटलं. सुनीताचं थालीपीठ मात्र त्यांनी पहिल्या घासालाच 'रचलेलं' म्हणून गौरवलं आणि बाथरूमच्या प्रकरणापासून तिच्या मनात जो राग होता तो त्या दिवशी निवळला.

तर या जगात सर्वांत नीट रचलेलं घर एकच होतं, आणि ते इंग्लंडच्या पूर्व भागात, एका शेताच्या कडेला उभं होतं. शेजवळांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. ब्रास बासाहच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना पुठ्ठा सुटलेलं एक पुस्तक मिळालं होतं, त्यात या घराचे चार फोटो होते आणि एक नकाशा. तेवढ्या भांडवलावर शेजवळ गेली काही वर्षं त्या घरात राहत होते.

ते घर मलाही आता पाठ आहे, कारण सातव्या मजल्यावर चहाला गेलं की ते पाहावंच लागे. पाचशे वर्षांपूर्वी तिकडे ज्याची ऐपत असेल तो दगडात बांधायचा आणि बाकीचे लाकूड-मातीत. अशा काळात कुणा जमीनदाराला विटांचं घर बांधायची हुक्की आली. शेजारच्याच शेतातली माती, शेजारच्याच रानातलं जळण आणि तिथंच भट्टी. वीट आपल्या विटेच्या निम्म्या जाडीची. मधोमध छपरापर्यंत उंच गेलेला दिवाणखाना, त्याच्या एका टोकाला मालकाची माडीवरची खोली, दुसऱ्या टोकाला दूधदुभत्याची खोली आणि स्वयंपाकघर. जिन्यासाठी वेगळा बुरूज. छपराच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भिंत, वर पीळ घातलेली विटांची धुराडी, आणि तांबड्या दर्शनी भिंतीवर काळपट विटांची चौकटी नक्षी, ताटात शंकरपाळ्या मांडाव्यात तशी.

"आत शिरलं की डावीकडे वळायचं," शेजवळ सांगत. "डोकं सांभाळा, तिथं कमान बुटकी आहे. उजवीकडच्या खोलीत थंडी असते, तिला सूर्य नाही." स्वतःच्या फ्लॅटमध्ये गीझरचं बटण कुठे आहे हे त्यांना धड सांगता यायचं नाही. त्यासाठी ते वैशालीवहिनींना हाक मारत.

वहिनी एका प्रयोगशाळेत संशोधक होत्या आणि संशोधकाच्याच शांतपणे त्यांनी नवऱ्याकडे पाहायचं ठरवलं होतं. "दारू नाही, पत्ते नाहीत," त्या सुनीताला म्हणाल्या, "वीट आहे. चालतं मला." केतकी, त्यांची बारा वर्षांची मुलगी, इतकी सोशिक नव्हती. "पप्पा, इट्स जस्ट अ हाउस लाह," ती वैतागून म्हणायची. त्यावर शेजवळ तिला भिंग देऊन फोटोतले थर मोजायला बसवत.

थर मोजणं हा त्यांचा मुख्य उद्योग. सार्सची साथ आली त्या साली आम्ही सगळे सकाळ-संध्याकाळ ताप मोजत घरात बसलो होतो, तेव्हा शेजवळ त्या भिंतीचे थर मोजत होते. पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा त्यांच्या मोजणीत एक थर जास्त भरला. त्यांनी पुन्हा मोजलं, माझ्याकडून मोजून घेतलं, आणि मग प्रकाशकाला पत्र लिहिलं. लेखक वारून बरीच वर्षं झाल्याचं उत्तर आलं. शेजवळांनी लेखकाला माफ केलं, पण थर सोडला नाही.

तरीही हे सगळं कागदावरचं होतं आणि त्याचा त्यांना मनस्वी त्रास होई. त्यांना त्या भिंतीला एकदा हात लावायचा होता. तहान भागत नाही म्हणून ते कधी कधी रविवारी शहरातल्या जुन्या लाल विटांच्या फायर स्टेशनपाशी जात आणि तळवा टेकवून उभे राहत. एकदा तिथल्या जवानानं बाहेर येऊन काळजीनं विचारलं, "अंकल, यू ओके ऑर नॉट?" शेजवळांनी त्याला भिंतीची घडण समजावून सांगितली. त्याला ड्यूटी होती म्हणून तो सुटला.

मला ड्यूटी नव्हती, उलट मी त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रम समितीवर होतो. 'आपल्यातल्याच माणसाचं व्याख्यान' असा माझाच प्रस्ताव होता. कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली. त्यातली बरीचशी नंतरच्या बटाटेवड्यांसाठी आली होती. शेजवळांना वीस मिनिटं दिली होती. पाऊण तासानं ते दर्शनी भिंतीच्या चौथ्या थरावर होते. एका थरात विटेची लांब बाजू दिसते, वरच्या थरात आखूड, मग पुन्हा लांब, त्यामुळे सांध्यावर सांधा कधी येत नाही, हे त्यांनी प्रत्येक थराला नव्यानं सांगितलं. दीड तासानं मी 'काही प्रश्न?' म्हणून उठलो.

मागून एका आजोबांनी विचारलं, "या घराचं शौचालय कोणत्या दिशेला?"

शेजवळांनी नकाशा पाहिला. "आग्नेयेला."

"तरीच," आजोबा शेजारच्यांना म्हणाले, "एवढं साम्राज्य गेलं."

सगळा हॉल हसला. मीही हसलो. शेजवळ तेवढे गंभीरपणे वहीत काहीतरी टिपून घेत राहिले. वडे गार झाल्याबद्दल मला पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ते संध्याकाळी आमच्याकडे आले ते हातात एअरमेलचं पाकीट घेऊन. त्या घरात अजून माणसं राहत होती, म्हणजे एक एकट्या वृद्ध बाई. शेजवळांनी त्यांना पत्र लिहिलं होतं आणि बाईंचं उत्तर आलं होतं. पुढच्या जूनमध्ये अमुक गुरुवारी दुपारी दोननंतर अवश्य या, दोघांनीच या, कारण मला फार माणसांची दगदग सोसत नाही. शिवाय नंतर जमायचं नाही, घर विकून मी मुलीकडे राहायला जाणार आहे.

'दोघांनीच' हा शब्द मी दोनदा वाचला. वैशालीवहिनींना विटांचा तिटकारा नसला तरी सुट्टी विटांवर घालवण्याइतकं प्रेमही नव्हतं. केतकीचा प्रश्नच नव्हता. थर मोजलेले, व्याख्यान झेललेलं दुसरं माणूस अख्ख्या सिंगापुरात मीच. मी कपाटातलं जाड जॅकेट काढून बाल्कनीत उन्हात टाकलं. सुनीता म्हणाली, "जून म्हणजे तिकडेही उन्हाळाच असतो." मी म्हटलं, असू दे.

आठवड्यानं कळलं की दुसरं माणूस म्हणजे शेजवळांची आई.

मला राग आला, हे कबूल करायला हवं. पारूबाई जालन्याच्या पुढच्या एका खेड्यात राहत. वय पंच्याहत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे धरलेले, पासपोर्ट नाही, कधी मुंबईही पाहिलेली नाही. आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये चहा पिताना मी शेजवळांना स्पष्टच म्हणालो, "अहो, म्हातारीला एवढं न्यायचंच तर लंडन दाखवा. राणीचा राजवाडा दाखवा. विटांचं घर बघायला कशाला नेताय इंग्लंडला? आपल्याकडे काय विटांच्या घरांचा दुष्काळ आहे?"

"सबनीस, तुमचं पुण्याचं घर कशाचं आहे?"

"विटांचंच की."

"वीट पाहिलीत त्यातली?"

मी जरा आठवून पाहिलं. त्या घरात मी चोवीस वर्षं राहिलो. गिलावा पाहिला होता, त्यावरचा डिस्टेंपर पाहिला होता, दिवाळीला तो स्वतः लावलाही होता. वीट पाहिली नव्हती.

"माझी आई बावीस वर्षं वीटभट्टीवर होती," शेजवळ म्हणाले. ते थर सांगताना बोलत तसेच, सरळ आवाजात बोलत होते. "दसरा झाला की सगळं बिऱ्हाड भट्टीवर. बाबा भट्टी रचायचे, आई विटा पाडायची. मी तिथंच वाढलो, बाभळीला बांधलेल्या झोळीत. विटा ट्रकनं औरंगाबादला जायच्या. कुठं जायच्या, कुणाच्या घराला लागायच्या, आईला कधी कळलं नाही. तिच्या विटांचं एकच घर तिनं पाहिलंय, भट्टीमालकाचं. तेसुद्धा मागच्या अंगणातून. आत कुणी घेतलं नाही. आणि बघायला काही नव्हतंच, वर प्लास्टर होतं."

शेजारच्या टेबलापाशी कुणीतरी खुर्ची ओढली. शेजवळांनी आपली जरा आत घेतली.

"तेव्हा मला असं घर हवं होतं, जिथं वीट झाकलेली नाही. आणि जिथली माणसं आईला पुढच्या दारानं आत घेतील. पहिलं पुस्तकात सापडलं. दुसऱ्यासाठी पत्र लिहावं लागलं."

"काय लिहिलंत?"

त्यांनी इंग्रजी मजकूर पाठ म्हटल्यासारखा सांगितला. माझी आई निवृत्त वीटकारागीर आहे. तिला आपल्या भिंती पाहायच्या आहेत.

"हे तुम्ही व्याख्यानात का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"विषय घराचा होता," शेजवळ म्हणाले.

मला स्वतःची लाज वाटली. साठ-सत्तर माणसांत मी मोठ्यानं हसलो होतो आणि बाल्कनीत माझं जॅकेट अजून वाळत होतं. घरी जाऊन मी ते मुकाट्यानं कपाटात ठेवलं.

मग आम्ही सगळेच त्या गुरुवारच्या मागे लागलो. पासपोर्टचं काम सुनीताच्या भावानं जालन्याला चार खेपा घालून केलं. व्हिसाच्या फॉर्मवर प्रवासाचं कारण वहिनींनी 'टूरिझम' लिहिलं होतं. शेजवळांनी ते खोडून 'विटांच्या बांधकामाची पाहणी' असं लिहिलं. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, आजी इंजिनिअर आहेत का? शेजवळ म्हणाले, "इंजिनिअरपेक्षा सीनिअर." व्हिसा मिळाला.

पारूबाई मे महिन्यात सिंगापूरला आल्या. काठीसारख्या बारीक, लुगडं चापूनचोपून नेसलेलं, आणि बोलणं मोजकं. चारच दिवसांत खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत त्यांना एका चिनी आजींची सोबत मिळाली. दोघी बाकावर बसून आपापल्या भाषेत तासतासभर बोलत आणि दोघींचं एकमत होत असे. इंग्लंडबद्दल विचारलं की पारूबाई म्हणत, "परभा म्हनतो चल, म्हनून जायचं. मला काय, वीट ती वीट."

निघायला नऊ दिवस उरले आणि त्यांचा उजवा गुडघा सुजून भोपळा झाला. डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास नकोच. शेजवळांनी इंग्लंडच्या बाईंना फोन केला. पुढची तारीख नव्हती, घराचा व्यवहार ठरत आला होता. दोन दिवस त्यांनी भिंतीचं नाव काढलं नाही. केतकी आजीच्या गुडघ्याला बर्फ लावत बसायची, आणि ती एकदा आमच्याकडे येऊन म्हणाली, "अंकल, पप्पा इज व्हेरी क्वाएट. आय डोंट लाइक."

निकाल शेवटी पारूबाईंनीच लावला. "भट्टीवर ह्याच गुडघ्यांवर दिसभर उकिडवी बसले," त्या म्हणाल्या. "आता तर खुर्चीत बसून जायचंय. काय मोठं."

मायलेक गेले आणि दहा दिवसांनी परत आले. विमानतळावरून आल्या आल्या पारूबाई झोपल्या. शेजवळ रविवारी सकाळी कॉफी शॉपमध्ये मला भेटले. मी तासाभराच्या तयारीनं गेलो होतो. थर किती भरले, कमान किती बुटकी निघाली, सगळं ऐकायची माझी तयारी होती, खरं सांगायचं तर ओढच होती. शेजवळ चहात चमचा फिरवत राहिले.

"थर मोजलेत का?" मीच विचारलं.

"राहिलं," ते म्हणाले.

मग हळूहळू सांगू लागले. बाई फाटकापर्यंत पुढे आल्या होत्या. काठी टेकत आई पुढच्या दारापाशी गेली आणि चपला काढून बाहेरच थांबली. बाईंनी स्वतःचे बूट काढले आणि तिचा हात धरून तिला आत नेलं. उंच दिवाणखान्यात दोघी बराच वेळ वर छताकडे बघत बसल्या. चहा झाला. आई म्हणाली, आता भिंत बघू.

"दर्शनी भिंत. ती शंकरपाळ्यांची नक्षी," शेजवळ म्हणाले. "मी इतकी वर्षं काय काय वाचलंय तिच्यावर. आई म्हणाली, ह्या खंगर विटा. जाळाजवळ राहून काळ्या पडलेल्या. आमच्याकडे मुकादम फेकून द्यायचा, ह्यांनी कशा शहाण्यावानी बसवल्यात. मी बाईंना ते सांगितलं. त्यांनी वही आणून लिहून घेतलं."

"मग?"

"मग ती भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली. हात लावत. कोपऱ्याजवळ थांबली, खाली वाकली. गुडघा दुखत होता, तरी वाकली. तिथं एका विटेवर चार बोटांचे ठसे होते. खोल. कुणीतरी वीट ओली असताना उचलली होती, ती तशीच भाजली गेली. पुस्तकात त्या विटेचा उल्लेख नाही." शेजवळांनी चष्मा काढला. "आईनं त्या खड्ड्यांत आपली बोटं घातली. बसली ती बरोबर. म्हणाली, वीट सुकली नव्हती. सुकायच्या आत उलटवलीय. घाई झाली हुती बाईला. झोळीत पोर रडत असंल."

शेजवळांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"मी म्हटलं, आई, पाचशे वर्षं झाली याला. पुरुषांनी पाडल्या असतील विटा. ती माझ्याकडे बघायला लागली. तिनं बोटं काढली नाहीत. म्हणाली, माझ्या बी लई विटा गेल्या अशा. मुकादम शिव्या द्यायचा. तू लई रडायचास, परभा."

त्यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"बाई शेजारीच उभ्या होत्या, वही घेऊन. त्यांनी विचारलं, आई काय म्हणाल्या? मला सांगताच येईना, सबनीस. मी एवढंच म्हटलं, की ती म्हणते, वीट चांगली आहे."